व्हिन्सेंटला भेटायला जाताना

या मे महिन्यात मुलांना घेऊन युरोपला निघालेल्या आणि ‘ॲमस्टरडॅमला जातोच आहोत, तर व्हॅन गॉगचं म्युझियमही दाखवून टाकू’ असं ठरवलेल्या आईबाबांशी आज जरा बोलायचं आहे. मी चित्रकला शिकवते. त्यामुळे सहलीची बुकिंग झाली की पालक हमखास विचारतात, ‘मॅडम, तिथे काय काय दाखवू?’ माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. मी म्हणते, पाच-सहा चित्रं दाखवा आणि बाहेर या.

चेहरा का पडतो ते मला कळतं. मोठ्यांचं तिकीट वीस युरोंच्या वर, व्हिसा, विमान, हॉटेल हा खर्च वेगळाच, आणि म्युझियमच्या संग्रहात व्हिन्सेंटची दोनशेहून अधिक रंगचित्रं. शिवाय शेकडो रेखाटनं आणि पत्रं. त्याच्या कामाचा एवढा मोठा संग्रह जगात दुसरीकडे नाही. मग सगळं बघून पैसे वसूल करावेत असं वाटणारच. पण दहा वर्षांचं पोर परक्या गावात, गर्दीत, उभ्यानं किती वेळ नीट बघू शकतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तासाभरानं तहान लागते, मग शू लागते, मग ‘अजून किती मजले आहेत?’ सुरू होतं. तिथून पुढे मूल चित्रं बघत नाही, बसायला बाक शोधतं. आणि तुम्ही त्याच्यावर चिडता, कारण तुमचेही पाय दुखत असतात.

आधी तिकिटाचं सांगते, तिथेच पुष्कळांची फसगत होते. या म्युझियमच्या दारात तिकीट मिळत नाही. तारीख आणि आत शिरायची वेळ निवडून ते ऑनलाइनच काढावं लागतं. १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, पण मोफत असलं तरी त्यांचंही वेळेचं तिकीट काढावं लागतंच. आईबाबांची तिकिटं आहेत आणि मुलांची काढलेलीच नाहीत, ‘फ्री आहे ना, मग?’ म्हणून, असा घोळ होतो. त्यात आपली उन्हाळ्याची सुट्टी आणि तिकडचा ट्यूलिपचा हंगाम एकमेकांवर येतात. क्युकेनहॉफची बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते आणि अर्ध्या जगाला तेव्हाच हॉलंड आठवतं. त्या दिवसांतली तिकिटं आधीच संपलेली असतात. म्हणून विमानाचं पक्कं झालं की दुसरं काम हे करा. गटसहलीनं जात असाल तर कार्यक्रमपत्रिका डोळ्यांत तेल घालून वाचा. ‘म्युझियम परिसराला भेट’ असं छापलेलं असेल, तर त्याचा अर्थ बस बाहेर थांबणार आणि तुम्ही फोटो काढणार, एवढाच असू शकतो.

व्हॅन गॉग म्युझियमच्या जवळच, बाहेरच्या मैदानाच्या कडेला, राइक्सम्युझियम आहे. रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ तिथलं. दोन्ही एकाच दिवशी करायचा मोह होतो. मुलं बरोबर असतील तर करू नका. एक निवडा आणि दुसरं पुढच्या वेळेसाठी सोडा. पुढची वेळ येईलच असं नाही, हे मान्य. तरीही.

आता घरची तयारी. मला विचाराल तर खरं काम इथेच आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या मोठ्या शहरांत व्हॅन गॉगच्या चित्रांचे प्रकाशखेळ झाले. अंधाऱ्या दालनात भिंतीभर सूर्यफुलं, पायाखाली फिरणारं आकाश, वर संगीत. ते पाहिलेल्या मुलाला खरं चित्र बघून पहिला धक्का बसतो तो आकाराचा. ॲमस्टरडॅमची ‘सूर्यफुलं’ ९५ सेंटिमीटर उंच आणि ७३ सेंटिमीटर रुंद आहेत. ‘एवढंसंच?’ हा प्रश्न येणार. तो येण्याआधीच घरच्या भिंतीवर मोजपट्टीनं तेवढा चौकोन आखून ठेवा. मुलाला आकार डोळ्यांत बसू द्या. मग तिथे गेल्यावर आकाराचं काही वाटत नाही आणि नजर रंगाच्या जाडीकडे जाते, जी कुठल्याही पडद्यावर दिसत नाही.

आणखी एक गोष्ट निघण्याआधीच सांगून टाका. मुलांच्या कंपासपेटीवर, टी-शर्टवर, पाण्याच्या बाटलीवर जे भोवऱ्याभोवऱ्यांचं रात्रीचं आकाश असतं, ते ‘स्टारी नाइट’ ॲमस्टरडॅममध्ये नाही. ते न्यूयॉर्कच्या मोमा या म्युझियममध्ये आहे. रात्रीच्या कॅफेचं ते पिवळ्या मांडवाचं चित्रही इथे नाही. ते हॉलंडमध्येच, पण ऑटरलो गावी आहे. हे आधी ठाऊक नसलं तर मूल सगळे मजले ‘स्टारी नाइट कुठंय?’ करत फिरतं आणि समोरचं काहीच बघत नाही.

कोणती पाच-सहा, असा प्रश्न आता येईल. यादी मुलांनाच करू द्या. म्युझियमच्या चित्रांच्या चांगल्या प्रतिमा इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. मुलांना चाळू द्या आणि त्यांना आवडतील ती दोन-तीन निवडू द्या. उरलेली तुमची. मी माझी सांगते, पटली तर घ्या.

‘बटाटे खाणारी माणसं’ लहान मुलांना बहुधा आवडत नाही. काळपट, हिरवट, कुरूप माणसं, वर एक दिवा. १८८५ सालचं. व्हिन्सेंटनं ती मुद्दामच तशी रंगवली. न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्याचा रंग त्याला हवा होता. मुलाला एवढंच सांगा की त्या माणसांचे हात बघ. ज्या हातांनी बटाटे उकरले तेच आता ताटात जातायत. चेहऱ्यांपेक्षा हात मोठे आणि गाठाळ आहेत. शेतावर राबणारे हात आपल्या मुलांना परके नसावेत, पण शहरातल्या मुलांना ते होत चाललेत. इथे अर्धा मिनिट थांबलं तरी पुरे.

‘शयनकक्ष’ मात्र त्यांना लगेच आवडतं, कारण खोली सगळ्यांना असते. पलंग, दोन खुर्च्या, टॉवेल, खिडकी. आमच्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला लागलेली मुलं हे चित्र बघून म्हणतात, ‘मॅडम, याचं पर्स्पेक्टिव्ह चुकलंय.’ मागची भिंत तिरकी वाटते खरी. पण फ्रान्समधल्या आर्ल गावी व्हिन्सेंट राहायचा त्या घराचा तो कोपरा खरोखरच काटकोनात नव्हता. खोलीच तशी होती. आणि भिंती निळ्या दिसतात, त्या निळ्या नव्हत्या. व्हिन्सेंटनं फिकट जांभळ्या रंगवल्या होत्या. त्यातला लाल रंग उजेडानं उडाला आणि निळा तेवढा मागे राहिला. म्युझियममध्ये उजेड मंद का ठेवतात, याचं उत्तर मुलाला इथे आपोआप मिळतं. घरी परतल्यावर आपली खोली जांभळी करून बघायची हौस येते, ती येऊ द्या. कागदावर.

आता ‘सूर्यफुलं’. तिथे सगळ्यात जास्त गर्दी असते, म्हणून शक्यतो सकाळी म्युझियम उघडतानाची वेळ घ्या आणि गर्दी व्हायच्या आत या चित्रापाशी पोचा. मुलाला फुलदाणीवरची ‘Vincent’ ही सही शोधायला सांगा. ती सापडली की वरची कड बघायला लावा. वरच्या बाजूला एक अरुंद लाकडी पट्टी जोडलेली आहे. सगळ्यात वरच्या फुलाला कॅनव्हासवर जागा पुरेना, म्हणून त्यानं स्वतःच ती जोडली आणि रंगवली. कागद संपला आणि फूल उरलं, हे आमच्या वर्गात रोज घडतं. मुलं रडवेली होतात, नवा कागद मागतात. तुमच्या मुलीचंही कधी असं झालं असेल तर तिला ती पट्टी दाखवा. काही बोलू नका.

आणि एक कोडं घाला. हे चित्र जानेवारी १८८९ मधलं आहे. जानेवारीत, थंडीत, त्याला सूर्यफुलं कुठून मिळाली? मिळाली नाहीत. आदल्या ऑगस्टमध्ये खऱ्या फुलांवरून काढलेल्या आपल्याच चित्राची त्यानं ही नवी आवृत्ती केली. ते आधीचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

जानेवारी १८८९ या तारखेपाशीच तो विषय येतो, ज्याची तुम्हाला खरी धास्ती असते. मुलांनी यूट्यूबवर पाहिलेलं असतं. ‘यानंच कान कापला ना?’ हा प्रश्न दालनाच्या मधोमध, मोठ्या आवाजात येतो. त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं, कारण गडबडीत आपल्या तोंडून ‘हो, वेडा होता तो’ असं निघून जातं. तेवढं निघू देऊ नका.

झालं ते असं. १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये पॉल गोगँ हा चित्रकार आर्लला त्याच्याकडे राहायला आला. दोघं दोन महिने एकत्र राहिले, एकत्र रंगवत होते, भांडतही होते. डिसेंबरच्या २३ तारखेला व्हिन्सेंटला आजाराचा जोराचा झटका आला आणि त्यात त्यानं आपला कान कापला. तो दवाखान्यात गेला. जानेवारीत बरं वाटू लागताच घरी आला आणि त्याच महिन्यात हे सूर्यफुलांचं चित्र रंगवलं. पुढेही झटके येत राहिले, तो स्वतःहून सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात वर्षभर राहिला, आणि जुलै १८९० मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी गेला.

लहान मुलाला एवढंच पुरतं: त्याचं मन आजारी होतं, त्या काळी त्यावर आजच्यासारखी औषधं नव्हती, आजारात त्यानं स्वतःला इजा करून घेतली. आठवी-नववीच्या मुलाला मृत्यूचंही खरं सांगा. त्यानं स्वतःला संपवलं, हे त्याला इंटरनेटवरून कळतंच. ते तुमच्याकडून, हळू आवाजात कळलेलं बरं. पण एक गोष्ट ठासून सांगा. आजारानं त्याला चित्रकार केलं नाही. झटके असत तेव्हा बहुतेक वेळा तो रंगवूच शकत नसे. रंगवलं ते बरं असतानाच्या दिवसांत, रोज, नेमानं. ‘वेडाशिवाय कला नाही’ ही जी कल्पना आपल्याकडे चिकटून बसलीय ना, तिच्यापायी कॉलेजातल्या काही पोरांचं मी नुकसान होताना पाहिलंय. आपल्यापैकी अनेकांना व्हिन्सेंट पहिल्यांदा भेटला तो आयर्व्हिंग स्टोनच्या ‘लस्ट फॉर लाइफ’मधून. ती कादंबरी आहे, छान आहे, पण कादंबरी आहे.

आणि मग मुलांना ‘बदामाचा बहर’ दाखवा. माझ्या मते साऱ्या म्युझियममध्ये मुलांना सांगण्यासारखी खरी गोष्ट कुठली असेल तर ही.

१८९० च्या जानेवारीत व्हिन्सेंटचा धाकटा भाऊ थेओ याला मुलगा झाला. थेओ पॅरिसमध्ये चित्रांचा व्यापार करायचा. व्हिन्सेंट चित्रकार झाला तेव्हापासून त्याला पैसे, रंग, कॅनव्हास पुरवणारा हाच. बाळाचं नाव काकाच्या नावावरून व्हिन्सेंट ठेवलं. ही बातमी कळली तेव्हा काका सँ-रेमीच्या रुग्णालयात होता. त्यानं बाळासाठी चित्र काढायला घेतलं. दक्षिण फ्रान्समध्ये बदाम फेब्रुवारीतच फुलतो, इतर झाडं थंडीनं बोडकी असतानाच. निळं आकाश आणि त्यावर फुललेल्या फांद्या, एवढंच त्या चित्रात आहे. खाली जमीन नाही, बुंधा नाही. झाडाखाली उताणं पडून वर बघावं तसं दिसतं ते. पाळण्यातलं बाळ वर बघतं तसं. हे मी मुलांना सांगते तेव्हा काही जण तिथल्या तिथे मान मागे टाकून बघतात.

पुढची गोष्ट त्या बाळाच्या आईची आहे. व्हिन्सेंट जुलैत गेला आणि सहा महिन्यांनी, जानेवारी १८९१ मध्ये, थेओही गेला. त्याची बायको योहाना, घरची माणसं तिला यो म्हणत, तेव्हा २८ वर्षांची होती. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. कडेवर वर्षाचं पोर आणि घरात ढिगानं चित्रं, ज्यांना तेव्हा बाजारात जवळपास किंमत नव्हती. ती हॉलंडला परतली, बुसुम गावात तिनं भाड्यानं खोल्या देणारं घर चालवलं आणि चित्रं सांभाळली. प्रदर्शनं भरवली, समीक्षकांना भेटत राहिली, थोडी-थोडी चित्रं विचार करून विकत गेली. १९१४ मध्ये तिनं दोघा भावांची पत्रं छापून आणली. त्या पत्रांमुळेच जगाला व्हिन्सेंट माणूस म्हणून कळला. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली ‘सूर्यफुलं’ तिनंच १९२४ मध्ये तिथे विकली. ‘बदामाचा बहर’ मात्र तिनं कधी विकलं नाही.

आणि ते बाळ? ते मोठं होऊन इंजिनियर झालं. त्यानं उरलेला सगळा संग्रह फुटू न देता १९६२ मध्ये एका प्रतिष्ठानकडे सोपवला. सरकारनं त्यासाठी इमारत बांधली. गेरिट रीटफेल्ट या वास्तुविशारदाचा आराखडा होता आणि १९७३ मध्ये तुम्ही ज्यात उभे आहात ते म्युझियम उघडलं. पुतण्या ते बघायला हयात होता. १९७८ पर्यंत.

चित्रकार होणं मुलाला परवडेल का, अशी काळजी करणारे पालक मला ‘बघा, व्हिन्सेंटचं काय झालं’ म्हणतात. मी त्यांना योबद्दल सांगते. आणि थेओबद्दल. वयाच्या २७ व्या वर्षी, चित्रविक्रीची नोकरी, शाळामास्तरकी, पुस्तकाचं दुकान, धर्मप्रचार असं सगळं करून फसल्यावर व्हिन्सेंटनं चित्रकार व्हायचं ठरवलं, आणि दहा वर्षांत आठशेहून अधिक रंगचित्रं काढली, ती त्या भावाच्या मनीऑर्डरींवर. पण यातून तात्पर्य काढून मुलाच्या गळ्यात मारू नका. गोष्ट सांगा आणि गप्प बसा.

कंटाळलेल्या मुलासाठी एक राखीव चित्र ठेवा: ‘शेवेनिंगनचा समुद्र’, १८८२. लहानसं, करडं, वादळी. हे त्यानं किनाऱ्यावर उभं राहून काढलं आणि वाऱ्यानं उडालेली वाळू ओल्या रंगात चिकटली. काही कण अजून तिथेच आहेत. शिवाय डिसेंबर २००२ मध्ये चोरांनी शिडी लावून, छतावरून शिरून हे आणि आणखी एक चित्र पळवलं. १४ वर्षांनी, २०१६ मध्ये, ती इटलीत नेपल्सजवळ माफियाच्या एका घरात सापडली. एवढं सांगितलं की बसायचा बाक विसरला जातो. चित्र त्या दिवशी भिंतीवर आहे ना ते मात्र आत शिरताच विचारून घ्या, चित्रं आत-बाहेर होत असतात.

किरकोळ सांगायचं तर: मोठ्या बॅगा आणि पाठपिशव्या आत नेता येत नाहीत, सामानघरात ठेवाव्या लागतात, तेव्हा हलकेच जा. मुलांसाठी काही खास खेळ किंवा ऐकायची सहल आहे का हे माहितीच्या खिडकीवर विचारा, पण मुलाला नको असेल तर हेडफोन कानाला लावू नका. आजी-आजोबा बरोबर असतील तर चाकाच्या खुर्चीची सोय होते. बाहेरच्या मैदानावर लोक गवतात बसून खातात, तुमच्या दशम्या आणि चटणी तिथे खुशाल काढा. परतल्यावर ‘मी पाहिलेले म्युझियम’ असा निबंध लिहून घेऊ नका. सुट्टी आहे मुलाची. खोलीत वही आणि रंग ठेवा, वाटलं तर घेईल.

एक जादा दिवस हाताशी असेल तर ऑटरलोचं क्रोलर-म्युलर म्युझियम करा. व्हॅन गॉगचा जगातला दुसरा मोठा संग्रह तिथे आहे, आणि ते होगे वेलूव या जंगलाच्या मधोमध आहे. उद्यानाच्या दारापासून फुकट वापरायच्या पांढऱ्या सायकली असतात, त्यावरून जायचं. मुलांना चित्रांपेक्षा सायकलच जास्त आठवेल, तर आठवू दे.

आणि ‘एवढं लांब कशाला, कधी तरी मुंबईला प्रदर्शन लागेलच’ असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की ॲमस्टरडॅमची ‘सूर्यफुलं’ आता कुठेही पाठवत नाहीत. रंगाचे थर नाजूक झालेत म्हणून म्युझियमनं २०१९ मध्येच तसं ठरवलं. ती बघायची तर तिथेच जावं लागतं, वेळेचं तिकीट काढून.